ऑडॅसिटीतले फेड: कुठला कशाला वापरायचा

रंग विटतो, फूल कोमेजतं, उजेड मावळतो, आवाज विरतो. इंग्रजीत या सगळ्याला 'फेड' चालतं. मराठीत फेड म्हटलं की आधी कर्ज आठवतं, तरी स्टुडिओत मात्र सगळ्यांच्या तोंडी फेडच. ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या फुकट सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या मालिकेतल्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'इफेक्ट' मेनूखाली 'फेडिंग' असा वेगळा गटच दिला आहे. त्यातला साधा 'फेड आउट' सगळे वापरतात, आणि खरं तर तोच सगळ्यात कच्चा आहे.

तो सरळ रेषेत उतरतो. निवडलेल्या भागाच्या मध्यावर आवाज फक्त ६ डेसिबलने कमी झालेला असतो, पाऊण भागाला १२, नव्वद टक्क्यांना २०. उरलेली सगळी घसरण शेवटच्या टोकाला होते. त्यामुळे तानपुरा विरल्यासारखा वाटत नाही, कुणी दार लावून घेतल्यासारखा वाटतो. संगीतासाठी 'स्टुडिओ फेड आउट' घ्या. त्याचा उतार इंग्रजी एससारखा वळणदार असतो आणि जाता जाता तो वरचे स्वरही मऊ करत नेतो. ५ ते १० सेकंदांचा भाग निवडला की फरक लगेच कळतो.

निवेदनाखाली संगीत दाबायचं असेल तर 'अ‍ॅडजस्टेबल फेड' उत्तम. सुरुवात १००, शेवट २० टक्के, लांबी दीड-दोन सेकंद. पण हा बदल निवडलेल्या भागापुरताच होतो. पुढचं संगीत पुन्हा पूर्ण जोरात उसळतं. म्हणून पुढच्या भागाला आवाज कमी-जास्त करणाऱ्या 'अ‍ॅम्प्लिफाय'मध्ये उणे १४ डेसिबल द्या. २० टक्के म्हणजे जवळपास तेवढंच.

कापलेल्या जागी 'टक्' येत असेल तर १० मिलिसेकंदांचा फेड पुरतो. मराठी निवेदनात मात्र वाक्य संपताक्षणी फेड लावू नका: 'आहे'मधला 'हे' आधीच हलका असतो, तो सरळ गिळला जातो. शब्दानंतरची खोलीची शांतता २००-३०० मिलिसेकंद राखा आणि फेड त्या शांततेवर लावा.

क्रॉसफेड म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा वर येणं. 'क्रॉसफेड ट्रॅक्स'साठी दोन्ही ट्रॅकमधला एकमेकांवर आलेला भाग निवडावा लागतो. वेगवेगळी गाणी जोडताना 'कॉन्स्टंट पॉवर' निवडा, नाहीतर मध्ये आवाज खचतो. एकाच ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडताना 'कॉन्स्टंट गेन' ठीक, नाहीतर सांध्यावर फुगवटा येतो.

मोठी उणीव एकच, पण ती रोज बोचते. रीपर या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुकड्याचा कोपरा ओढला की फेड तयार होतो आणि हवा तेव्हा बदलता येतो. ऑडॅसिटीत तो मूळ ध्वनीतच कोरला जातो. कंट्रोल-झेडने मागे जाता येतं, पण मधली सगळी कामं पुसून. संगीताची पातळी वारंवार बदलायची असेल तर ट्रॅकवर बिंदू ठेवून आवाजाचा चढउतार आखणारं एन्व्हलप टूल वापरा, त्याचे बिंदू नंतरही हलवता येतात.