‘खास पीस’ म्हणून मला त्रासात असलेला ॲक्सोलॉटल विकला

फेब्रुवारीत पुण्यातल्या एका ॲक्वेरियमच्या दुकानातून आम्ही ॲक्सोलॉटल आणला. हा सालामँडर जातीचा, आयुष्यभर पाण्यातच राहणारा उभयचर; त्याचे कल्ले डोक्याबाहेर असतात. माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये २०२१ साली हा प्राणी आला, आणि सातवीतल्या माझ्या मुलाचा वर्षभर तोच धोशा होता.

दुकानातल्या टाकीत पाच-सहा जण होते. बाकीच्यांचे कल्ले पिसांसारखे मागे पसरलेले. एकाचे मात्र पुढे, तोंडाकडे वळलेले, आणि शेपटीचं टोक गळासारखं वाकलेलं. दुकानदार म्हणाला, “ताई, हाच घ्या. असे फुललेले कल्ले लाखात एखाद्याला असतात. हजार रुपये जास्त पडतील, पण खास पीस आहे.” मुलगा म्हणाला, “आई, बघ ना, तो हसतोय.” साडेचार हजार दिले. वर अडीच हजारांचा ‘पूर्ण सेट’ घेतला: दीड फुटाची टाकी, रंगीत खडे, मोटरचा फिल्टर आणि रात्रीच्या थंडीसाठी हीटर. बिल दिलं नाही, मीही मागितलं नाही.

ज्या खुणांसाठी मी हजार रुपये जास्त मोजले, त्या त्रासाच्या खुणा होत्या. ॲक्सोलॉटलने क्षणभर कल्ले पुढे घेऊन झटकले तर काही बिघडत नाही. पण ते पुढेच वळून राहिले आणि शेपटीला आकडा पडला, तर पाणी गरम आहे, घाण आहे किंवा झोत त्याला सोसत नाहीये असं समजा. आणि ते हसू? ती त्याच्या तोंडाची ठेवण आहे. दुखत असतानाही तो तसाच दिसतो.

घरी आणल्यावर तो फिल्टरच्या झोतापासून लांब, कोपऱ्यात काचेला चिकटून बसायचा. मध्येच वेड्यासारखा टाकीभर धावायचा. मार्चमध्ये खाणं थांबलं. कल्ल्यांची झालर विरळ झाली आणि एका कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका आला. मी दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. “गरमीमुळे सुस्त झालाय. आपल्या हवेत सेट झालेलं पिल्लू आहे, काही होत नाही,” असं म्हणून त्याने निळं औषध आणि ‘रेडी बॅक्टेरिया’ची बाटली गळ्यात मारली. साडेनऊशे रुपये. पाणी किती डिग्री आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

ते विचारलं मासे पाळणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी. त्यांनी थर्मामीटर टाकला: २९. मग अमोनियाच्या किटचे थेंब नळीतल्या पाण्यात टाकले. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. आमचं गडद हिरवं झालं, म्हणजे प्राण्याच्या घाणीतून बनणारा विषारी अमोनिया भरपूर होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को भागातल्या कालव्यांतला. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच, त्यामुळे तिथलं पाणी गार. त्याला १६ ते १८ डिग्री मानवतं, २४ च्या वर जीव धोक्यात येतो. त्याच्यासाठी हीटर विकणाऱ्याला एक तर यातलं काही माहीत नाही, किंवा सगळं माहीत आहे.

काकांनी निळं औषध बंद करायला लावलं, कारण याची कातडी नाजूक असते आणि पाण्यातलं सगळं शोषून घेते. स्वच्छ टबमध्ये क्लोरीन काढलेलं गार पाणी, रोज पूर्ण बदलायचं, आणि त्यात बर्फ केलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या आळीपाळीने सोडायच्या. पाणी एकदम गार करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. रात्री दोन-दोनदा उठून मी बाटल्या बदलल्या. नवव्या दिवशी टबच्या तळाशी लाल खडा दिसला. आमच्याच टाकीतला. हे प्राणी तोंड उघडून पाण्यासकट खाणं ओढून घेतात, त्यात खडेही जातात आणि आतडं तुंबू शकतं. त्याचा खडा बाहेर पडला, हे नशीब. तेराव्या दिवशी त्याने गांडुळाचा तुकडा खाल्ला. मुलगा रडला, मीही.

आता तीन फुटांची टाकी आहे. तळ मोकळा, स्पंज फिल्टर, आणि लपायला अर्धा फुटका माठ. त्याला पापण्या नसतात, म्हणून वरचा दिवा काढून टाकला. प्राणी सोडण्याआधी टाकी पाचेक आठवडे तशीच चालवली, घाण पचवणारे जिवाणू वाढून अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारी असलेलं नायट्राइट शून्यावर येईपर्यंत. ‘सायकल’ म्हणतात ती हीच, आणि दुकानात तिचं नावही निघालं नव्हतं. पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राला, म्हणजे चिलरला, तीसेक हजार गेले. ज्यांना हा खर्च झेपणार नसेल त्यांनी पुण्यासारख्या उन्हाळ्यात हा प्राणी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या पंख्याने पाणी दोन-चार डिग्रीच उतरतं.

पैसे परत मागितले तर दुकानदार “जिवंत मालाला गॅरंटी नसते” म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण हातात बिल नसल्याने माझी बाजू लंगडी. शिवाय ॲक्सोलॉटल सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. अशा प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. हेही मला नंतर कळलं. २०१८ च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. आधी भिंतीवर तो कागद शोधा, मग टाकीकडे वळा.

परवा मुलाच्या वर्गमित्राच्या बाबांनी मला त्याच दुकानाचं स्टेटस पाठवलं. “फुललेले कल्ले, एकच पीस, लवकर सांगा.” खाली त्यांचा प्रश्न होता, “घेऊ का?” फोटो मोठा करून पाहिला. शेपटीला तोच आकडा होता. मी लगेच फोन लावला.