पीएमपीचा 70 रुपयांचा पास: कोणाला परवडतो, आणि बस का येत नाही

1 जून 2025 पासून पीएमपीचे, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहर बसचे, दर वाढले तेव्हा सगळा ओरडा 'पाचाचे दहा केले' एवढ्यावरच झाला. पासचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही.

30 किमीपर्यंत दर 5 किमीला एक टप्पा आणि टप्प्याला 10 रुपये. त्यापुढे 80 किमीपर्यंत टप्पे 10-10 किमीचे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही हद्दींत चालणारा दैनिक पास 70 ला, पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) गावांसकट 150 ला.

कामाचं ठिकाण 15 ते 20 किमीवर असेल तर जाऊन-येऊन 80 लागतात. पास डोळे मिटून घ्या. 10 ते 15 किमीला 60 होतात, तिथे तिसरी बस धरणार असाल तरच. मासिक पास 1500 चा. 80 वाल्याचे पैसे 19व्या दिवशी वसूल. 60 वाल्याला मात्र 25 दिवस जावं लागतं. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर तेवढे दिवस भरतच नाहीत, सुटं तिकीटच बरं.

पासची खरी मजा बस बदलण्यात आहे. 4 किमीचं अंतर एका बसने 10 रुपयांत होतं, मध्ये बस बदलली की दुसरं तिकीट, म्हणजे 20. पास असेल तर समोर येईल ती बस पकडायची.

येईल ती! गाडं इथेच अडतं. माझे गुण: पासला 5 पैकी 4, बसच्या वारंवारितेला जेमतेम 2.

याचं मूळ रचनेत आहे. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून पीएमपी ही कंपनी झाली (जुनी माणसं अजून पीएमटीच म्हणतात). कंपनीला कर लावता येत नाही. तूट भरायची ती 60 टक्के पुणे महापालिकेने आणि 40 टक्के पिंपरी-चिंचवडने. त्यातच ठेक्याच्या गाड्यांना पैसे किलोमीटरवर मिळतात: गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर पीएमपीचा. गाडी रिकामी धावली तरी बिल लागतंच, आणि बिलं थकली की गाड्या डेपोतच. मार्च 2023 मध्ये नेमकं हेच झालं होतं.

वर अध्यक्ष आयएएस, आणि बदली कधी होईल सांगता येत नाही. तुकाराम मुंढे 2017 मध्ये आले, वर्ष भरायच्या आत गेले. मार्गांची फेरआखणी एका वर्षात मुरत नाही. पुढचा अधिकारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

तक्रार करताना दार चुकवू नका, नाहीतर अर्ज नुसता फिरत राहतो. तिकीटदराला मंजुरी देतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, म्हणजे आरटीए. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दरांबद्दल तिकडे लिहा. बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या, लेनमध्ये रिक्षा-दुचाकी घुसतात, दुभाजक तुटलाय, हे महापालिकेकडे. फेरी रद्द झाली किंवा गाडी थांब्यावर थांबलीच नाही तर पीएमपीकडे. त्यात मार्ग क्रमांक, बसचा क्रमांक, थांब्याचं नाव आणि वेळ लिहा. 'बस वेळेवर येत नाही' एवढ्यावर कोणालाच जाब विचारता येत नाही.