गिन्नीच्या पदकात लाख कुठून आली?

कड्यात बसवलेली जुनी गिन्नी, म्हणजे इंग्रजांची सोन्याची सॉव्हरिन, मोडायला गुजरीत, सराफांच्या बाजारात, नेणार असाल तर आधी हे वाचा. माझे 20,428 रुपये गेले, तेही पदक समोर आणि काट्याचा आकडा डोळ्यांसमोर असताना.

पदक साधं होतं. पंचम जॉर्जची पूर्ण गिन्नी, भोवती सोन्याचं कडं, वर डाग (झाळ) देऊन बसवलेली कडी. एकूण वजन 10.640 ग्रॅम. शुद्ध सोन्याचा भाव त्या दिवशी दहा ग्रॅमला 97,000 रुपये, फळ्यावरही तोच. काटा बरोबर, भाव बरोबर, पेढी पिढीजात. मग संशय कशाचा घ्यायचा? पण लुटायची जागा भाव आणि काटा यांच्या मध्ये असते, टंच (शंभरात शुद्ध सोनं किती) आणि घट (वितळवताना जाणारं वजन) लावताना.

सराफाचा हिशोब असा. लाख आणि मळ म्हणून 0.640 वजा, उरले 10 ग्रॅम. कस लावून टंच सांगितला 75. वर आटणीची घट चार टक्के. निव्वळ 7.200 ग्रॅम, हातात 69,840 रुपये.

लाख! तिथेच उठायला हवं होतं. लाख भरतात ती पोकळ मण्यांत, बंद कोंदणात. या पदकात नाण्याच्या दोन्ही बाजू उघड्या होत्या, इकडून राजा दिसतो, तिकडून घोडेस्वार. लाख राहायला जागाच नाही. मी विचारलंही होतं. "वहिनी, जुन्या मालात लाख धरावीच लागते," असं म्हणून त्यानं कॅलक्युलेटर पुढे सरकवला आणि मी गप्प बसले. त्या एका क्षणाचा राग अजून जात नाही. मागे गर्दी होती, चार माणसांसमोर वाद नको वाटला. बहुतेकांचं असंच होतं, म्हणूनच हे चालतं.

दुसरी लबाडी कसोटीवर. कस घासला कडीच्या डागाजवळ. डागाचं सोनं मुद्दाम हलकं ठेवतात, कमी आचेवर वितळावं म्हणून. तिथला कस कमीच येणार. तो 75 टंच त्यानं अख्ख्या पदकाला लावला, नाण्यालाही.

खरा हिशोब वेगळा आहे. पूर्ण गिन्नी 7.988 ग्रॅमची आणि 22 कॅरेटची, म्हणजे 91.67 टंच. झिजलेली 7.96 धरली तरी शुद्ध सोनं 7.296 ग्रॅम, 70,771 रुपयांचं. कडं आणि कडी 2.680 ग्रॅम, त्यांना 75 टंच मान्य केला तरी 2.010 ग्रॅम शुद्ध, 19,497 रुपये. एकूण 90,268. नुसत्या नाण्याचेही पूर्ण पैसे मिळाले नाहीत. कडं फुकट गेलं.

कड्याची पात समोर उचकटून नाणं सुटं करायला लावा आणि दोन्ही वेगळं तोलायला लावा, तीन दशांशांच्या काट्यावर. सुट्या गिन्नीचा व्यास 22.05 मिलिमीटर, जाडी 1.52. माप बरोबर पण वजन कमी असेल, तर नाणं खोटं किंवा फार झिजलेलं. टंच यंत्रावर काढा, पण नाण्याच्या मध्यावर, कड्यावर आणि कडीवर वेगवेगळा, डागावर नको. यंत्र फक्त वरचा थर बघतं, मुलामा असेल तर फसतं, म्हणून वजन-माप सोडू नका. पेढीत जाण्याआधी हॉलमार्किंग केंद्रात तपासून लेखी अहवाल घ्या. आणि हा हिशोब पुतळ्यांना लावू नका. पुतळी मुळात डुकाट, म्हणजे व्हेनिसचं जुनं सोन्याचं नाणं; अस्सल डुकाट साधारण साडेतीन ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध. पण माळेतल्या बऱ्याच पुतळ्या ठशावर काढलेल्या पातळ पत्र्याच्या असतात.

सालही बघा. 1918 असेल आणि सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर बारीक इंग्रजी 'आय' असेल, तर ती मुंबईच्या टांकसाळीची. तिथे सॉव्हरिन त्या एकाच वर्षी पडली. अशी गिन्नी आटवू नका, तेजाबात धुऊ देऊ नका. संग्राहक सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे देतो, मात्र थेट नाण्यावर डाग मारलेला असेल तर ती जादा किंमत बरीचशी जाते.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "दागिना कुठाय?" तो तर त्याच दिवशी मुशीत गेला! मग म्हणे, हा दिवाणी मामला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, हे तिथे आम्ही जाऊन सांगायचं? वजनकाट्यांच्या कार्यालयात म्हणाले, काटा बरोबर आहे ना, टंच आमच्याकडे येत नाही. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तर कमालच, "तुम्ही विकलंय, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही." विकणारा ग्राहक नाही, काटा चोख, दागिना वितळला. मग 20,428 रुपये गेले ते कुणाच्या खात्यात मोडतं? तीन कार्यालयं, सात चकरा, आणि प्रत्येक टेबलावर आपल्यालाच विचारतात, "तुम्ही सही का केली?" सही केली, कारण चिठ्ठीवर फक्त "जुना मोड, निव्वळ 7.200" एवढंच होतं. एकूण वजन, वजावट, टंच, घट, काही नाही. हे चार आकडे लिहून, पेढीचा शिक्का मारून मिळेपर्यंत पदक मुशीपाशी जाऊ देऊ नका, आणि काट्यावर असतानाच दोन्ही बाजूंचे फोटो काढा. माझ्याकडे फोटो नव्हता. लेखी अर्ज दिलाय, आवक क्रमांक मिळालाय, पुढे काही नाही.