एल्गारपलीकडची जॅकलीन द्यू प्रे: ईएमआयचा १७ सीडींचा संच, काही महिन्यांच्या वापरानंतर

जॅकलीन द्यू प्रे या इंग्रज चेलोवादिकेचं नाव निघालं की बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात: एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराचा चेलो कॉन्चेर्टो (एकटा चेलो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) आणि तिचा आजार. दोन्ही खऱ्या आहेत. पण तिच्या ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीसाठीच्या ध्वनिमुद्रणांचा १७ सीडींचा संच गेल्या पावसाळ्यापासून घरात आहे, आणि तो पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माझं ठाम मत झालंय की या दोन गोष्टींनी तिचं बाकीचं वादन झाकून टाकलंय. लोक तिला ऐकायला बसतानाच हळवे होऊन बसतात. या संचात मला जी वादक भेटली, ती बहुतेक वेळ आनंदात आहे.

आधी एल्गार, कारण तो टाळून चालणार नाही. १९ ऑगस्ट १९६५, लंडनचा किंग्जवे हॉल, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, ऑर्केस्ट्राचे संचालक (कंडक्टर) जॉन बार्बिरोली. ती तेव्हा २० वर्षांची होती. बार्बिरोली स्वतः चेलो वाजवायचे, आणि १९१९ साली या कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते ऑर्केस्ट्रात चेलोच्या रांगेत बसले होते. पुरेशा तालमी न झाल्यामुळे तो प्रयोग फसला होता. ही पार्श्वभूमी माहीत असली की बार्बिरोली ऑर्केस्ट्रा किती मायेने सांभाळतात ते जास्त जाणवतं. चेलोच्या सुरुवातीच्या जड स्वरगुच्छांनंतर मुख्य धून येते, ती आधी व्हायोला एकट्याच वाजवतात, कसलीही साथ नसताना. मग चेलो ती उचलतो. द्यू प्रे पहिल्यांदा ती धून घेते तेव्हा जवळजवळ काहीच करत नाही, नुसती चालत राहते. म्हणूनच पुढे खालून वर चढत जाणारी ती सरळ तान आणि तिच्या माथ्यावर येऊन मिळणारा अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो. इतक्या वेळा ऐकूनही ही जागा माझ्यासाठी शिळी झालेली नाही.

तिच्या मींडेबद्दल थोडं बोलायला हवं. एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट सरकवत जाणं तिला फार प्रिय होतं, आणि तिच्या काळातले कितीतरी युरोपीय वादक हे कटाक्षाने टाळू लागले होते. ख्यालावर आणि सारंगीवर पोसलेल्या आपल्या कानाला ती मींड लगेच आपलीशी वाटते. पण आपण तेवढ्यावरच थांबलो तर बरंच निसटतं. खाली ऑर्केस्ट्राची किंवा पियानोची स्वरसंगती बदलत असते आणि तिची मींड बहुधा नेमकी त्या बदलावर बेतलेली असते. तंबोऱ्याचा षड्ज धरून ऐकायची सवय असलेल्यांनी एकदा मुद्दाम चेलोकडे दुर्लक्ष करून फक्त खालचे स्वर ऐकावेत. मग तिने मींड तिथेच का घेतली ते उलगडतं. मला हे कळायला वेळ लागला, पण त्यानंतर संच नव्याने उघडला.

आता आनंदाबद्दल. हायडनचा सी मेजर कॉन्चेर्टो १९६१ साली प्रागमध्ये सापडला. त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं तो हरवलेलाच होता. द्यू प्रेने तो १९६७ मध्ये इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रासोबत, डॅनिएल बॅरेनबॉइमच्या संचालनाखाली वाजवला, म्हणजे रचना जुनी पण वादकांसाठी अजून कोरी करकरीत. शेवटच्या भागात ऑर्केस्ट्राची धावपळ सुरू असताना चेलो एका लांब धरलेल्या स्वरावर आत येतो. ती तो स्वर हळूहळू फुगवत नेते आणि मग जी सुटते, ती थेट शेवटापर्यंत. सगळं नीटस नाही. काही द्रुत जागा खरखरीत झाल्यात. त्या तशाच ठेवल्या हे उत्तम झालं. आजकाल हायडन याहून हलक्या, नेटक्या हाताने वाजवतात, आणि ज्यांचा कान तसा तयार झालाय त्यांना हे जरा भरगच्च वाटेल. मला वाटत नाही.

माझ्याकडे सर्वांत जास्त वाजलेल्या सीडी मात्र बेटहोव्हनच्या त्रिकुटांच्या आहेत: पियानोवर बॅरेनबॉइम, व्हायोलिनवर पिंकास झुकरमन, चेलोवर ती. १९७० हे बेटहोव्हनच्या जन्माचं दोनशेवं वर्ष, आणि ही ध्वनिमुद्रणं त्याच सुमाराची. तिघेही तिशीच्या आतले. ‘आर्चड्यूक’ त्रिकुटाचा दुसरा भाग लक्ष देऊन ऐका. सुरुवात एकट्या चेलोची: साधी वर चढणारी सुरावट, लहान मुलाने सरगम म्हणावी तशी. द्यू प्रे ती अगदी छोट्या, तुटक गजाने घेते, जणू काही विचारतेय, आणि झुकरमन लगेच तिचंच बोलणं थोडं वाकवून परत करतो. या दोन ओळींत दोघांच्या गजाचं वजन, गती, अगदी स्वर सोडायची पद्धतही जुळलेली ऐकू येते. एल्गारमध्ये ती एकटी बोलते. इथे ती ऐकते. चांगला साथीदार असणं ही वेगळी विद्या आहे आणि ती तिला पूर्ण साधली होती, हे या संचाशिवाय मला कळलं नसतं.

या मंडळींच्या मैत्रीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९६९ मध्ये लंडनमध्ये शूबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकाचा कार्यक्रम झाला आणि त्याचं चित्रीकरणही झालं. त्यात या तिघांसोबत इत्झाक पर्लमन होता, आणि डबल बास वाजवत होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. ते चित्रीकरण या संचात नाही, पण जमेल तिथून जरूर पाहा. मंचामागची त्यांची थट्टामस्करी पाहिल्यावर त्रिकुटं वेगळीच ऐकू येतात.

ब्राम्सचे दोन सोनाटा (चेलो आणि पियानो यांच्यासाठीच्या रचना) १९६८ चे. ई मायनरचा सोनाटा चेलोच्या खर्जात सुरू होतो आणि तिचा खर्ज म्हणजे काय चीज आहे ते तिथे कळतं: जाड, पण कुठेही गढूळ नाही. यासाठी बरे स्पीकर हवेत. फोनच्या स्पीकरवर ही सुरुवात अक्षरशः नाहीशी होते. बेटहोव्हनचे चेलो सोनाटा १९७० च्या एडिंबरा महोत्सवातल्या मैफिलींचे आहेत, त्यामुळे श्रोते ऐकू येतात, खोकतातही. हेडफोनवर ते खुपतं, खोलीत मोकळं लावलं की फारसं जाणवत नाही.

शुमानच्या कॉन्चेर्टोबाबत एक व्यवहाराची सूचना. त्याचे तिन्ही भाग न थांबता एकमेकांत शिरतात. सीडी संगणकावर उतरवून ऐकणार असाल तर दोन ट्रॅकांमधली मोकळी जागा बंद करा, नाहीतर नेमक्या सांध्यावर धक्का बसतो. मधल्या संथ भागात ऑर्केस्ट्रातला आणखी एक चेलो तिच्या जोडीला येतो. दोन चेलोंची ती कुजबुज मध्येच तोडलेली ऐकणं म्हणजे अन्याय आहे.

ड्वोर्झाकबाबत मी अजून द्विधा आहे. १९७० चं शिकागोतलं वादन, आवाज भव्य, पण ती आणि बॅरेनबॉइम प्रत्येक वळणावर रेंगाळतात. दुसऱ्या भागात ते शोभतं, पहिल्या भागात बांधणी सैल होते. डेलियस सुंदर आणि धूसर. मॉनचा कॉन्चेर्टो एकदा ऐकून ठेवून दिला. बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा सुइटांपैकी (नृत्यांवर बेतलेल्या रचनामालांपैकी) पहिले दोनच आहेत, बीबीसीसाठी १९६२ मध्ये वाजवलेले, आवाज मोनो. सहाही सुइट तिने मुद्रित केले नाहीत ही या संचातली मोठी पोकळी, आणि ती कुणीच भरून काढू शकत नाही.

डिसेंबर १९७१ मधले शोपँ आणि फ्रांक यांचे सोनाटा ही तिची स्टुडिओतली शेवटची ध्वनिमुद्रणं. त्या वर्षात प्रकृतीमुळे तिचं वादन बराच काळ बंद होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान व्हायला अजून अवकाश होता. ते १९७३ मध्ये झालं. हे माहीत असल्यामुळे मी या सीडीला सुरुवातीला घाबरून होतो. पण फ्रांकच्या शेवटच्या भागात पियानो जी धून म्हणतो तीच चेलो एक पाऊल मागून म्हणत जातो, आणि तिथे ती इतकी मोकळी, इतकी उजळ वाजते की आजाराची आठवणच होत नाही. निरोपाचा सूर शोधायला गेलात तर मिळणार नाही.

नव्याने ऐकणाऱ्यांनी एल्गारपासून सुरुवात करू नये असं मी सुचवेन. आधी हायडन, मग ‘आर्चड्यूक’, मग ब्राम्सचा ई मायनर, आणि त्यानंतर एल्गार. ईएमआयचा शास्त्रीय संगीताचा खजिना २०१३ पासून वॉर्नरकडे गेलाय, त्यामुळे हीच मुद्रणं वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या संचांत मिळतात. विकत घेण्याआधी त्रिकुटं आत आहेत ना, तेवढं यादीत तपासा. फक्त गाजलेल्या कॉन्चेर्टोंचे छोटे संच स्वस्त पडतात, पण त्यांत ती नसतील तर थोडे पैसे साठवून मोठाच संच घ्या.