हेडस्पेस तपासणीचे 85 डॉलर

फसवणुकीत गेले 256 डॉलर आणि रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे "किती गेले?" हा प्रश्न पहिला येतो आणि "कसे गेले?" नंतर. रुपयांत सांगत नाही, आई वाचते.

टेक्सासात आपल्यापैकी काही जणांनी ग्रीन कार्ड आल्यावर रायफल घेतली आहे, कुणी रेंजसाठी, कुणी रानडुकरांसाठी. माझी रेमिंग्टन 700, .308. मॉडेल 1962 पासूनचं, त्यामुळे सुटे भाग उदंड. खोट एकच, बोल्टची मूठ जेमतेम जांभळाएवढी. हातात मोजे असले किंवा उडवलेलं काडतूस चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) चिकटलं की मूठ उचलताना बोटं घसरतात. मुठीच्या टोकाला मोठा नॉब, म्हणजे गोळा, असला की जोर लावता येतो. टिक्का टी3एक्सवाल्यांची मजा आहे, त्यांची मूठ बोल्टपासून सुटी होते, घरच्या घरी बदलता येते. रेमिंग्टनची मूठ बोल्टला ब्रेझ केलेली, म्हणजे धातूचा डाग देऊन जोडलेली. तिचा मूळ नॉब लेथवर कातायचा, उरलेल्या दांड्यावर 5/16-24 चे आटे पाडायचे, मग लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून नवा नॉब आवळायचा. एकदा कातलं की कातलं. आणि कुणी गॅस लावून तापवलं तर ब्रेझिंगच कच्चं पडायची भीती. हे सगळं मला ठाऊक होतं. मी काही काल बंदूक हातात घेतलेला माणूस नाही, एवढंच सांगायचंय.

गावातल्या गनस्मिथने 110 डॉलर सांगितले, पण नोव्हेंबरचा पहिला शनिवार तोंडावर आलेला. हरणांचा सीझन सुरू होणार म्हणून त्याच्याकडे रांग. "जानेवारीनंतर या," म्हणाला. तेवढ्यात दुसऱ्या राज्यातल्या एकाची जाहिरात दिसली. बोल्ट पोस्टाने पाठवा, आठवड्यात परत. आटे पाडायचे 75, नॉब 38, परतीचं टपाल 12. एकूण 125. फार स्वस्तही नाही, आणि फसवणूक हमखास स्वस्ताईतूनच होते असं आपण धरून चालतो ना, तिथेच गंमत आहे. 110 सोडून 125 देणाऱ्याला हावरट कसं म्हणणार?

जाहिरातवाल्याला लायसन्स विचारलं होतं. अगदी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला, "बोल्ट म्हणजे बंदूक नव्हे. कायद्याने रिसीव्हर, म्हणजे बोल्ट बसतो तो सांगाडा, तेवढा बंदूक. सुट्या भागाला लायसन्स कशाला?" यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच तर बोल्ट साध्या टपालाने जातो. पण धंदा म्हणून बंदुका दुरुस्त करणाऱ्याला 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टपासून लायसन्स लागतंच, आणि ज्याचं खरोखरचं दुकान आहे त्याला तो नंबर सांगायला अडचण नसते. एटीएफच्या (हे लायसन्स देणारं केंद्रीय खातं) संकेतस्थळावर 'एफएफएल ईझी चेक' आहे, एफएफएल म्हणजे हेच लायसन्स. नंबरातले पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाका, खरं-खोटं कळतं. नंबर देत नाही? मग गप्पा तिथेच बंद करा.

125 गेले ते बँकेच्या अ‍ॅपवरून, थेट. क्रेडिट कार्ड चालत नाही म्हणाला, "फी फार कापतात." हे वाक्य कुणीही म्हटलं तरी उठून चालू लागा.

आता ती जागा, जी आठवली की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. बोल्ट पोचल्यावर त्याचा मेसेज आला: आटे पाडून झाले, आता हेडस्पेस तपासून सर्टिफिकेट देतो, त्याचे 85. मी दिले! अहो, हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा, यांच्यातलं अंतर. तो तपासतात कसा? रायफलच्या चेंबरमध्ये गो गेज (काडतुसाच्या आकाराचं माप) घालायचा, बोल्ट बंद व्हायला हवा. मग नो-गो घालायचा, बंद व्हायला नको. त्यासाठी बॅरल लागते, रिसीव्हर लागतो. माझी रायफल माझ्या घरात, तिजोरीत, आणि हा माणूस दुसऱ्या राज्यात नुसता बोल्ट हातात घेऊन हेडस्पेस तपासतोय! शिवाय मुठीला आटे पाडल्याने हेडस्पेसला काडीचाही फरक पडत नाही, तो ठरतो बोल्टच्या पुढच्या लग्जवर (बोल्ट अडकवणारे दात) आणि त्याच्या तोंडावर. हेच मी रेंजवर नवख्यांना शिकवतो. पण मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, आणि 'सुरक्षेसाठी' हा शब्द वाचून कुठलाही जबाबदार माणूस जे करेल तेच मी केलं.

पैसे मिळताच काम झाल्याचा फोटो आला. सुंदर काळा नॉब. मी नॉबच बघत बसलो. बायकोने झूम करून विचारलं, "तुझ्या बोल्टला पुढे तीन दात होते का?" रेमिंग्टन 700 ला दोन लग असतात. फोटोतल्या बोल्टला तीन. तोवर 'परतीच्या विम्याचे' 46 डॉलरही जाऊन चुकले होते. त्यानंतर नंबर बंद.

मग सुरू झाली सरकारी टोलवाटोलवी. पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या साहेबांचा पहिला प्रश्न, "बंदूक चोरीला गेली?" नाही, बोल्ट. "मग बंदूक नाही गेली." बोल्टशिवाय ती बंदूक म्हणजे काठी आहे, साहेब! "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग हा सिव्हिल मॅटर." 'बोल्ट म्हणजे बंदूक नव्हे' असं ऐकवून चोराने माझा बोल्ट लांबवला, आणि तेच ऐकवून पोलिसांनी मला बाहेरचा रस्ता दाखवला.

सिव्हिल तर सिव्हिल. इथल्या जस्टिस कोर्टात 20,000 डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. पण समन्स बजावायचं कुणावर? पत्ता निघाला भाड्याच्या टपालपेटीचा. पेटी कुणाच्या नावावर आहे ते दुकानदार सांगणार नाही, पोलीस विचारणार नाहीत. बँक म्हणते, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात. कायद्याचं संरक्षण तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला. टपालवाले म्हणतात, पार्सल पत्त्यावर पोचलं, विमा कसला मागता? संघराज्याच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लांबलचक फॉर्म भरला, स्क्रीनशॉट जोडले, उत्तरात आपोआप निघणारा एक ईमेल. 'आपली तक्रार महत्त्वाची आहे.' असेल बुवा. आपल्याकडच्या पोलीस चौकीला नावं ठेवत मी इकडे आलो होतो. तिथे निदान समोरचा माणूस "बसा" तरी म्हणतो.

ज्यांना आत्ताच नॉब हवाय त्यांच्यासाठी: मूळ नॉबवर दोन अर्ध्या वाट्या बसवून स्क्रूने आवळायचे नॉब मिळतात, कातकाम नाही, बोल्ट घराबाहेर जात नाही. ढिले होतात म्हणून मी त्यांना नाकं मुरडायचो. आणि बोल्ट पाठवायचाच असेल तर आधी त्याचे पुढून-मागून फोटो काढा, नंबर कोरलेला असेल तर तो टिपून ठेवा. माझ्याकडे यातलं काहीच नाही, मग बोल्ट माझाच होता हे तरी कशावरून सिद्ध करू?

नवा बोल्ट 240 ला मागवलाय. तो तसाच घालून गोळी झाडायची नाही, दुसऱ्या बोल्टचा हेडस्पेस तपासावाच लागतो. तपासणी आणि फिटिंगचे 110, गावातल्या त्याच गनस्मिथकडे. म्हणजे हिशेब 606 वर गेला आणि नॉब अजून बसलेलाच नाही. त्याचे पुन्हा वेगळे 110. तारीख जानेवारीनंतरचीच मिळाली आहे. पैसे काम झाल्यावर, कार्डाने. काउंटरमागे त्याचं लायसन्स फ्रेम करून लावलंय, त्याचा फोटो काढला तेव्हा तो हसला. हसू दे.