किवा: व्याज शून्य, मग पैसे कशाला घालायचे?

सॅन फ्रान्सिस्कोची किवा ही ना-नफा संस्था २००५ पासून जगभरच्या छोट्या धंदेवाल्यांपर्यंत कर्ज पोहोचवते. त्यासाठीचे पैसे तुमच्या-आमच्यासारखे लोक उसने देतात, साधारण २५ डॉलरपासून. वर छदामही व्याज नाही, त्यामुळे ही बचत समजू नका.

कर्जाच्या पानावर आधी फोटो आणि कहाणी दिसते. तिथेच विरघळू नका, खाली सरका. प्रत्यक्ष कर्ज देणारी स्थानिक संस्था कोणती, तिची थकबाकी किती, ती कर्जदाराकडून सरासरी किती व्याज नि शुल्क घेते, हे तिथे लिहिलेलं असतं. तुम्ही फुकट दिलेत तरी शिलाई मशीन घेणारी बाई बहुतेकदा व्याजासकट फेडते. हा आकडा चाळीस टक्क्यांपुढे दिसला तर आमच्या मते दुसरं कर्ज बघावं. आणि बऱ्याचदा तिला पैसे आधीच मिळालेले असतात, तुमच्या पैशाने त्या स्थानिक संस्थेची तिजोरी भरून निघते. म्हणजे माणसाशी खरं नातं तिथल्या वसुली करणाऱ्याचं. तो गावात टिकून आहे का, हेच तपासायचं.

पैसे बुडतात तीन वाटांनी: कर्जदार थकला, संस्था बुडाली किंवा तिथलं चलन घसरलं. म्हणून १०० डॉलर असतील तर चार देशांत, चार वेगळ्या संस्थांकडे, वर्षभराच्या आतल्या मुदतीवर टाका.

पैसे भरताना किवासाठीची देणगी ऐच्छिक असते, ती रक्कम नीट बघा. परतफेड हप्त्याहप्त्याने खात्यात येते; काढून घ्या नाहीतर पुन्हा फिरवा.