न्यूरोफीडबॅकचे पॅकेज घेण्यापूर्वी : सोलापुरातील आमचा अनुभव

मानसिक आघातातून सावरणाऱ्या माणसाला न्यूरोफीडबॅकने ‘मेंदूचे ट्रेनिंग’ देतो, असे सांगून सोलापुरातील एका केंद्राने आमच्याकडून ९०,००० रुपये आगाऊ घेतले आणि त्या बदल्यात जे दिले, त्याला उपचार म्हणता येत नाही. पैशांहूनही मोठे नुकसान म्हणजे व्यवस्थित मार्गी लागलेली समुपदेशनाची सत्रे त्यांनी बंद पाडली. दुसऱ्या कोणत्या घरावर ही वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे पती टॉवेल आणि चादरींच्या व्यापारात आहेत. पुणे महामार्गावर झालेल्या अपघातात त्यांच्या शेजारी बसलेला त्यांचा मित्र जागीच गेला. यांना मात्र किरकोळ दुखापतीवर निभावले. काही आठवड्यांनी यांची झोप उडाली. ट्रकचा हॉर्न ऐकला की दरदरून घाम फुटायचा, महामार्गाने जायचे नाव काढले तरी चिडायचे, मित्राच्या घरून फोन आला तर उचलत नसत. मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचे, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या तणावविकाराचे, निदान करून गोळ्या सुरू केल्या आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवले. मॅडमनी कसलीही घाई केली नाही. आधी झोप आणि श्वास, मग अंगाला घाम फुटला तर स्वतःला कसे सावरायचे याचा सराव, आणि त्यानंतरच त्या दिवसाबद्दल थोडे थोडे बोलणे, असा त्यांचा क्रम होता. फरक सावकाश पडत होता, पण पडत होता. हे पुन्हा दुकानात जाऊन बसू लागले होते.

अशातच एका नातेवाइकाने या केंद्राच्या मोफत तपासणी शिबिराचा निरोप पाठवला. तिथे यांच्या डोक्याला तारा लावून पाच-दहा मिनिटांत ‘ब्रेन मॅप’ काढला गेला आणि लाल-पिवळ्या डागांचे रंगीत चित्र पुढे ठेवून संचालक म्हणाले, “वहिनी, हा लाल भाग म्हणजे साचलेला आघात. बोलून तो जात नाही, तो मशिननेच काढावा लागतो.” चाळीस सत्रांचे पॅकेज होते आणि त्याच दिवशी पैसे भरले तर सवलत. मॅडमकडची सत्रे थांबवा, नाहीतर ‘दोन्हीकडून मेंदूला उलटसुलट सूचना जातील’, ही त्यांची अट होती. गोळ्याही बंद करायला सांगितले होते. ते मानसोपचारतज्ज्ञांनी वेळीच अडवले, कारण या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी आणि निद्रानाश उसळून येऊ शकतो.

न्यूरोफीडबॅक ही भोंदूगिरी नाही, हे मला आधी स्पष्ट करायचे आहे, कारण फसवणूक नेमकी त्याच्या खरेपणाच्या आडून होते. डोक्याच्या त्वचेवर सेन्सर लावून मेंदूच्या विद्युतलहरी मोजायच्या, त्यांतील ठरावीक लहरी हव्या त्या दिशेने गेल्या की पडद्यावरचे चित्र किंवा आवाज लगेच बदलायचा, आणि त्या प्रतिसादातून मेंदूने हळूहळू शिकायचे, असे हे तंत्र आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर त्याचा प्रयोग झाल्याचे निबंध १९९१ पासून आहेत. केंद्राच्या पत्रकात आघातावर संशोधन करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१६ च्या अभ्यासाचा मोठ्या अक्षरांत उल्लेख होता. तो अभ्यास खरा आहे आणि त्याचे निष्कर्ष आशादायकही आहेत. परंतु त्यात जुनाट पीटीएसडी असलेले ५२ जण होते, सत्रे २४ होती, आणि तुलनेसाठीचा गट प्रतीक्षायादीवर ठेवलेला होता. म्हणजे खोट्या यंत्राशी तुलना झालेली नव्हती. आघाताच्या मूळ उपचाराची जागा आजही आघातकेंद्रित समुपदेशन आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) यांचीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये प्रौढांसाठी त्यांचीच शिफारस केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये पीटीएसडीसाठी अशा प्रकारच्या एका प्रणालीला वाट मोकळी करून दिली, तीही चालू उपचारांना जोड म्हणून. समुपदेशन सोडून यंत्राकडे या, असे यांपैकी कोणीही म्हटलेले नाही.

प्रत्यक्ष सत्रात काय व्हायचे, ते सांगते. एक मुलगा यांच्या डोक्यावर पट्टा बसवायचा, दोन्ही कानांना क्लिपा लावायचा आणि पडद्यावर एक होडी सुरू करून बाहेर जाऊन मोबाइल बघत बसायचा. मन शांत झाले की होडी पुढे जाते, असे सांगितलेले होते. एकदा मी शेजारी बसले असताना यांच्या डाव्या कानाची क्लिप निसटून खांद्यावर पडली, थोड्या वेळाने पट्टाही वर सरकला, आणि होडी मात्र त्याच संथ गतीने पुढे जात राहिली. मी पट्टा पूर्ण काढून टेबलावर ठेवला. होडी काठाला लागली आणि पडद्यावर ‘उत्तम प्रगती’ अशी अक्षरे उमटली. त्या पट्ट्याचा आणि होडीचा काहीही संबंध नव्हता; आम्हाला आधीच तयार केलेली चित्रफीत दाखवली जात होती.

त्यानंतर मी यांचा ‘ब्रेन मॅप’ अहवाल नीट वाचला. तिसऱ्या पानावर ‘ती अभ्यासात मागे पडते’ असे वाक्य होते. बाहेरच्या बाकावर भेटणाऱ्या एका ताईंच्या मुलीचा अहवाल शेजारी ठेवून पाहिला, तर डागांची जागा, आकडे आणि वाक्ये हुबेहूब तीच होती. फक्त वरचे नाव बदललेले होते.

सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट याआधीच घडून गेली होती. डोळे मिटून शांत संगीत ऐकवण्याच्या एका सत्रात यांना अपघात जसाच्या तसा दिसू लागला, हातपाय थरथरू लागले आणि ते मित्राला हाका मारू लागले. आघात झालेल्या माणसाला असे खोल शिथिल करताना दबलेल्या आठवणी वर येऊ शकतात. म्हणून त्या वेळी त्याला सावरणारा आणि नंतर त्यावर बोलणारा प्रशिक्षित माणूस जवळ असावाच लागतो. तिथे तो मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, “घाबरू नका, मेंदूतला कचरा बाहेर पडतोय.” त्या रात्री हे झोपले नाहीत, आणि दुकानही पुन्हा सुटले.

आम्ही मॅडमकडे परत गेलो तेव्हा त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. खरे न्यूरोफीडबॅक कसे ओळखायचे, तेही त्यांच्याचकडून कळले. सेन्सरच्या जागेची त्वचा पुसून तिथे वाहक पेस्ट लावतात आणि संपर्क नीट बसला की नाही, हे मोजूनच सुरुवात करतात. कच्च्या लहरी पडद्यावर दाखवा, असा हट्ट धरावा आणि दात घट्ट आवळून पाहावेत; स्नायूंचा विद्युतप्रवाह मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा असल्यामुळे रेघ लगेच वेडीवाकडी झालीच पाहिजे. ती झाली नाही, तर तिथून उठावे. रंगीत नकाशावरून कोणी पीटीएसडीचे निदान करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये, कारण ते निदान लक्षणे आणि सविस्तर मुलाखतीवरून होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, म्हणून उपचार करणाऱ्याचा तिथला नोंदणी क्रमांक मागावा. आमच्या संचालकांकडे ‘ब्रेन कोच’ असे एक फ्रेम केलेले प्रमाणपत्र होते, बाकी काही नव्हते. आणि तुमच्या समुपदेशकाशी फोनवर बोलायलाही जो तयार नसेल, त्याच्याकडे पाऊलसुद्धा टाकू नये.

पैसे परत मागितल्यावर संचालकांनी पावतीच्या मागची बारीक अक्षरे दाखवली: रक्कम परत मिळणार नाही आणि वाद झाल्यास दुसऱ्या शहरातील न्यायालयात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आम्ही नोटीस पाठवून तक्रार दाखल केली आहे. सोबत पावती, दोन्ही अहवाल आणि पट्ट्याविना चालणाऱ्या होडीचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण जोडले आहे. त्या ताईंचीही स्वतंत्र तक्रार तयार होत आहे. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे त्या केंद्रात पैसे भरलेल्या इतरांनी आपल्या पावत्या आणि मोबाइलवरचे निरोप जपून ठेवावेत. ज्यांची सत्रे मध्येच तुटली आहेत, त्यांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जावे किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतून बोलता येते.